पुलाजवळचं फाटक

नेरिडाने आपल्या गाडीतलं फावडं काढलं आणि ते वाळलेल्या मातीसकट आपल्या भावाच्या, लिंडनच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं टाकलं. सीट सायीच्या रंगाच्या चामड्याची होती. लिंडन अंगणातून धावतच आला, पण तोवर उशीर झाला होता.

"अगं, खाली काहीतरी अंथरायचं तरी."

"फावडं आहे ते, लिंडन. त्याला थंडी वाजत नाही."

डिकीतून घडी घातलेलं निळं मेणकापड काढून त्याने फावड्याखाली सारलं आणि चारी कोपरे नीट ओढून घेतले. मेणकापडाला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच लटकत होती. नेरिडाने ती पाहिली आणि त्याला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला.

त्या गाडीकडे नुसतं बघितलं तरी तिचं टाळकं सटकत होतं. टपावर नारिंगी रंगाच्या दोन फळ्या, चाक चिखलात रुतलं तर खाली घालायला. चिखल कसा असतो ते त्या फळ्यांना ठाऊकच नव्हतं. पुढच्या बाजूला पोलादी दोराची चरखी, तिच्यावरचं प्लॅस्टिक अर्धंच सोललेलं. काचेच्या कडेने टपापर्यंत गेलेलं काळं नळकांडं, गाडी छातीभर पाण्यात घातली तरी इंजिनाला हवा मिळावी म्हणून. मेलबर्नमध्ये लोकांचे दात कोरून पोट भरणाऱ्या माणसाला छातीभर पाणी कुठे भेटणार होतं, देव जाणे. आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध एक फ्रिज. चालत्या गाडीत चालणारा फ्रिज! तिने झाकण उचलून पाहिलं होतं. आत चीज-लोणच्याची सँडविचं होती, प्रत्येक वेगळ्या कागदात, कागदाच्या कडा दुमडून.

तिचं स्वतःचं सामान एका खोक्यात मावलं. कुऱ्हाड, सुतळीचं बंडल, चहाचा थर्मास, आणि बापासाठी पीठ, बॅटऱ्या, तंबाखू, सुक्या मेव्याचा केक. गेली सहा वर्षं दर दुसऱ्या शनिवारी ती एवढंच घेऊन बापाकडे, कॅसिडीच्या खोऱ्यात जात होती आणि एकदाही तिची गाडी कोणाला दोर लावून ओढावी लागली नव्हती. आजही तिने भावाच्या या चाकांवरच्या दुकानात पाय ठेवला नसता. पण गुरुवारी तिच्या गाडीचा क्लच गेला आणि मेकॅनिक म्हणाला मंगळवारशिवाय जमणार नाही. आणि बापाने फोनवर शनिवारच सांगितला होता.

"दोघं या. मला काय ते सांगायचंय," एवढंच म्हणून क्लेमने फोन ठेवला होता.

काय सांगायचंय ते नेरिडाला सांगावं लागत नव्हतं. म्हातारा चौऱ्याऐंशीचा झाला होता आणि खोरं कोणाला द्यायचं ते त्याने ठरवलं होतं. तिला ते हवं होतं. जीव तोडून हवं होतं. नदीकाठची कुरणं, वरचं पत्र्याचं घर, धुकं, गोचिडी, सगळं. पण त्या डोंगरांत जमीन मुलाकडे जाते. शेजारच्या मॅडनांच्यात तशीच गेली, बाकी सगळ्यांच्यात गेली, मुली लग्न करून गावात येतात आणि शनिवारी पीठ पोचवतात. आणि लिंडन त्या जमिनीचं काय दिवे लावणार तेही तिने मनाशी पक्कं केलं होतं. विकणार. कोणीतरी तिथे लाकडी खोल्या बांधणार, गरम पाण्याच्या टाक्या बसवणार आणि मेलबर्नचे लोक त्यात बसून डोंगर बघणार. मार्चमध्ये त्याने तिला एका वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक पाठवलं होतं. तिने ते चुलीत घातलं होतं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं एकदा ठरलं, की पुढचं सगळं मेलबर्नमध्ये बसून ठरणार, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

"निघायचं?" लिंडनने विचारलं. त्याने नवी टोपी घातली होती, गुराख्यांची असते तशी. कडा अजून ताठ होत्या.

"ती टोपी डॅडसमोर काढून ठेव," ती म्हणाली. "हसून हसून जीव जाईल त्यांचा."

वाटेतल्या ओमिओ गावात लिंडनने गाडी थांबवली आणि बेकरीत जाऊन ओटच्या दुधाची कॉफी मागितली. काउंटरवरच्या बाईने नेरिडाकडे पाहिलं. दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. नेरिडाने डोळे फिरवले. बाईने हसू दाबत गाईच्या दुधाची कॉफी दिली आणि लिंडन ती निमूट प्यायला. हा असाच होता, लहानपणापासून. काही म्हणा, हूं नाही की चूं नाही. नेरिडाला भांडणारी माणसं परवडायची, पण हे असं गिळून टाकणारं माणूस समोर आलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

डांबरी रस्ता संपला तिथे त्याने पुन्हा गाडी थांबवली, उतरला आणि चाकांतली हवा सोडू लागला. एकेका चाकापाशी उकिडवा बसायचा, हवा मोजायचं छोटं घड्याळ लावून बघायचा, थोडी आणखी सोडायचा. नेरिडा काच खाली करून बघत राहिली.

"दात आहे का तो? एवढं काय निरखतोयस?"

"दगडांवर गाडी कमी आदळते याने."

"डॅड त्याच हवेवर पन्नास वर्षं चालले."

"हो. आणि त्यांच्या पाठीचं काय झालंय ते बघ."

ती खोटं हसली. पुढच्या रस्त्यावर गाडी खरंच कमी आदळली. ती हे कबूल करणार नव्हती, कोणी जीव घेतला तरी.

खिंडीच्या अलीकडे, निलगिरीच्या झाडांच्या दाटीत, लिंडनने गाडीतला बोलायचा रेडिओ चालू केला. त्या रस्त्यावर लाकडाचे ट्रक येतात, म्हणून प्रत्येक वळणाआधी आपण कुठे आहोत ते रेडिओवर बोलायची पद्धत आहे. पण शनिवारी कुठला आलाय ट्रक? तरी हा प्रत्येक वळणाला आपला ठिकाणा सांगत होता, विमान उतरवल्यासारखा गंभीर आवाज काढून. उत्तरादाखल नुसती खरखर येत होती. खिंड ओलांडली, खाली खोरं दिसलं, नदीवर पांढरं धुकं पसरलेलं, आणि खरखर आणखी वाढली. मध्येच कोणा बाईचा आवाज आल्यासारखा वाटला, तुटक तुटक.

"बंद कर ते," नेरिडा म्हणाली, आणि त्याची वाट न बघता हात लांब करून तिनेच बटण फिरवलं. "इथे कोणी ऐकत नाही तुला. घर आलं."

खाली उतरलं की रस्ता नदीच्या काठाकाठाने खोऱ्यात आत जातो, आणि क्लेमच्या घरापर्यंत पाच फाटकं लागतात. पहिल्या फाटकापाशी गुरांचा कोंडवाडा आहे, ट्रकमध्ये गुरं चढवायच्या उतारासकट. दुसरं फाटक लाकडी पुलाच्या पलीकडे, जिथे रस्ता अगदी चिंचोळा होतो. एका अंगाला कापलेला कातळ आणि दुसऱ्या अंगाला थेट खाली नदी. पुढची तीन मोकळ्या कुरणात. गाडी चालवणारा बसून राहतो, शेजारी बसलेला उतरतो, आणि फाटक जसं असेल तसं सोडतो. बंद असेल तर उघडून जायचं आणि मागे लावायचं, उघडं असेल तर उघडंच. त्या मुलखात चर्चला न जाणारी माणसं आहेत, पण हे न पाळणारा माणूस नाही.

लिंडनने एकदा पाळलं नव्हतं. नऊ वर्षांचा होता. घरी पोचल्यावर क्लेमला कळलं, की पोराने कुरणातलं फाटक उघडंच टाकलंय. त्याने पोराला पावसात, चालत, एकट्याला परत पाठवलं. काळोख पडता पडता पोरगं परत आलं, ओठ निळे झालेले. त्यानंतर क्लेमने त्या मुलाला कधी कुठलं काम सांगितलं नाही. आणि नेरिडा दर नाताळला, केक कापताना, ती गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगायची, लिंडनची बायको आणि मुलींसमोर. तिला ती सांगायला फार आवडायची.

पहिलं फाटक उघडं होतं.

नुसतं उघडं नव्हतं, तर पार मागे लोटून कुंपणाला सुतळीने बांधलेलं होतं. लिंडनने गाडी हळू केली. सहा वर्षांतल्या एकाही शनिवारी नेरिडाने ते फाटक उघडं पाहिलं नव्हतं. क्लेम घरातून कोंबडीचं खुराडं बघायला निघाला तरी मागचं दार लावून निघायचा.

"डॅडनी उघडं ठेवलंय?" लिंडनने विचारलं. आवाज साधाच होता, पण नेरिडाला त्या आवाजात माहितीपत्रकाची पानं उलटल्याचं ऐकू आलं.

"आपल्यासाठी. माझा खांदा दुखतो ना. मीच म्हटलं होतं त्यांना." खोटं तिच्या तोंडातून इतक्या सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. "आत आलो की लावून घ्यायला सांगितलंय."

ती उतरली, सुतळी सोडली, फाटक ओढून कडी घातली.

पुलाजवळचंही तसंच होतं. बांधलेलं, सताड उघडं. आता मात्र लिंडनने गाडी पार थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला.

"नेरिडा, जसं असेल तसं सोडायचं असतं ना?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं क्लेम दात नसलेल्या मेंढीकडे बघतो.

"फाटकांचं तू मला शिकवणार? तू?"

त्याचे कान लाल झाले. वय पंचावन्न, डोक्यावर नवी टोपी, आणि कान अजून तसेच लाल व्हायचे. नेरिडा उतरली आणि तिने तेही फाटक लावलं. साखळी दोनदा गुंडाळली, जोर लावून. पुढची तिन्हीही तिने तशीच लावली. प्रत्येक वेळी गाडीत येऊन बसली की ती बोलत होती, भरभर, नको इतकं. डॅडची तब्येत कशी ठणठणीत आहे, परवा त्यांनी स्वतः लाकडं फोडली, फोनवर ते मंत्र्यांची नावं कशी घडाघडा सांगतात. लिंडन हो हो म्हणत होता.

घराच्या धुराड्यातून धूर येत होता. आत कोणी नव्हतं. टेबल स्वच्छ पुसलेलं, त्यावर तीन कप पालथे घातलेले, किटली कोमट. नेरिडाचा जीव भांड्यात पडला.

"बघ," ती म्हणाली. "आहे का तुझ्या घरी एवढं लख्ख?"

लिंडन खुंटीकडे बघत होता. तिथे क्लेमची टोपी नव्हती आणि रायफलही नव्हती. घराच्या मागच्या कुरणात एरवी गुरं असायची. तेही रिकामं होतं.

मग खालून, नदीकडून आवाज आला. आधी कुत्री, मग चाबकाचा कडाका, आणि त्याच्या मागोमाग गुरांचं हंबरणं. एक-दोन गुरांचं नव्हे. सगळा कळप ओरडत होता, आणि ते ओरडणं पुढे सरकत नव्हतं.

नेरिडाला एका क्षणात सगळं कळलं. फाटकं कशासाठी मागे लोटून बांधली होती, सुतळी कशाला लावली होती, सगळं. घरामागची गुरं सकाळीच वरच्या तीन फाटकांतून बाजूच्या घळीत नेली होती, आणि आता तिथून पुलाशी रस्त्यावर उतरवून कोंडवाड्याकडे हाकली होती. हाकणारा कळपाच्या मागे असतो. पुढे जाऊन फाटक उघडायला कोणी नसतं, म्हणून ती आधीच उघडून ठेवतात. हे तिला लिहिता-वाचता यायच्या आधीपासून माहीत होतं.

"लिंडन, गाडी काढ."

त्याने काढली, आणि चालवलीही बरी. पण मध्ये तीन फाटकं होती, आणि तिन्ही तिनेच लावलेली. प्रत्येकापाशी ती उडी मारून उतरायची, कडी काढायची, तोवर तो आवाज कानावर आदळत राहायचा. तिसऱ्या फाटकाची कडी निघेना. तिने स्वतःला एक घाणेरडी शिवी घातली आणि अंगठा सोलून घेऊन ती काढली.

ती पोचली तेव्हा कळप पुलावरून पुढे निघाला होता. टेस मॅडन, शेजारची तिशीतली पोरगी, घोडा नदीत घालून फाटकाच्या पलीकडे गेली होती आणि तिने साखळी सोडली होती. घोडा पोटापर्यंत भिजला होता. कातळ आणि नदी यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर मागची गुरं पुढच्यांवर चढली होती आणि काठाची माती ढासळली होती. खाली दगडांत एक लाल गाय पडली होती, पांढऱ्या तोंडाची. कळपाच्या पुढे चालणारी तीच. ती निघाली की बाकीची तिच्या मागे निमूट जायची, दर हिवाळ्यात. पुढचे दोन्ही पाय मोडले होते. ती उठायचा प्रयत्न करत होती.

क्लेम काठाने खाली उतरला. त्याला वेळ लागला. लिंडन मदतीला पुढे झाला तर म्हाताऱ्याने हात झटकला. गोळीचा आवाज कातळावर आपटून परत आला, आणि मग नुसतं नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं.

"रेडिओवर ओरडून घसा बसला माझा," टेस म्हणाली. "तुमचा आवाज येत होता की. गुरं खाली येतायत, फाटकं तशीच सोडा, किती वेळा सांगितलं. ऐकलं नाहीत?"

नेरिडाने सोललेला अंगठा मुठीत दाबला. क्लेम वर आला, रायफल टेसच्या हातात दिली आणि दम खात उभा राहिला. त्याने आज स्वच्छ शर्ट घातला होता, वरच्या बटणापर्यंत लावलेला.

"पुलाजवळचं फाटक कोणी लावलं?"

त्याने विचारलं, पण नेरिडाकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रश्न विचारायच्या आधीपासून त्याची नजर त्या ताठ कडांच्या टोपीवर होती. नेरिडाच्या दातांपर्यंत शब्द आला होता. खरंच आला होता. तिने तोंड उघडलंही होतं.

"मी," लिंडन म्हणाला.

नदीचं पाणी वाहत राहिलं. क्लेमने मान हलवली, सावकाश.

"नऊ वर्षांचा होतास तेव्हा उघडं टाकलंस. आता लावलंस. दोनच गोष्टी असतात फाटकाच्या, त्यातली एकही धड जमली नाही तुला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नेरिडाला तो आवाज ओळखीचा वाटला. सकाळी फावडं टाकताना, बेकरीत, हवा सोडताना, दर नाताळला केक कापताना तिच्या तोंडून निघत होता तो हाच. तो आपला नाही, बापाचा आहे, हे तिला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

ती तोंड मिटून उभी राहिली.

ट्रक आला, गुरं चढली. शेवटचं वासरू उतारावर अडलं, त्याला टेसने शेपूट पिळून वर घातलं. क्लेम कोंडवाड्याच्या कुंपणाला टेकून सगळं बघत होता. ट्रक खिंडीकडे दिसेनासा झाल्यावर त्याने तंबाखूची डबी काढली आणि तिच्यात बघतच बोलला. गुरं विकली. त्याच्याच्याने आता होत नाही. हिवाळ्यासाठी रस्ता बंद व्हायच्या आत तो ओमिओला जाणार आहे, टेसच्या आईच्या घरामागच्या खोलीत. टेस सामान पोचवील. कोणी काही बोलायचं कारण नाही, ठरलंय.

"आणि जागा," तो म्हणाला. "सकाळपर्यंत माझ्या मनात निम्मं-निम्मं होतं. म्हटलं, दोन पोरं आहेत, दोघांचं. पण ज्याला फाटक कळत नाही त्याला जमीन देऊन करू काय? सगळं नेरिडाचं." मग पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू सांभाळशील. तुला सांगावं लागत नाही."

हीच तर ती गोष्ट होती, जिच्यासाठी ती सहा वर्षं पीठ वाहत होती. ती म्हणाली, "हो, डॅड." आवाज घोगरा निघाला. म्हाताऱ्याला वाटलं आनंदाने.

लिंडनने टोपी काढली होती. तो म्हणाला बरोबर आहे, असंच व्हायला हवं होतं, आणि बापापुढे हात केला. क्लेमने त्या हाताकडे जरा वेळ बघितलं, मग मिळवला.

परत निघण्याआधी त्यांना एकदा क्लेमच्या घरी जाऊन यावं लागलं. खोकं तसंच राहिलं होतं. पीठ, बॅटऱ्या, तंबाखू. नेरिडाने सगळं टेबलावर मांडलं, केक झाकून ठेवला, आणि पालथ्या घातलेल्या तीन कपांना हात लावला नाही. क्लेमने निरोप घेताना सांगितलं, की फाटकं उघडीच राहू देत. आत आता काही नाही.

परतताना लिंडनने फ्रिजमधून काढलेलं सँडविच तिच्या मांडीवर ठेवलं. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिने कागद उघडला, एक घास घेतला आणि तो तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. सोललेल्या अंगठ्याला लोणचं लागून आग होत होती.

"तू का—" ती म्हणाली.

लिंडन रस्त्याकडे बघत होता. "त्यांचं माझ्याबद्दलचं मत ठरलेलं आहे. एका गाईने त्यात काय फरक पडणार? तुझं मात्र..." त्याने खांदे उडवले. "तू सहा वर्षं येत होतीस."

"लिंडन, ते निम्मं—"

"फाटक," तो म्हणाला, आणि गाडी थांबवली.

पुलाजवळचं फाटक मागे लोटलेलं होतं. टेसने ते परत बांधलं होतं. उतरायचं काही कारण नव्हतं, तरी नेरिडा उतरली. सुतळीची गाठ चाचपून पाहिली, पक्की होती. काठाला माती ढासळल्याची ओली खूण होती. खाली ती बघणार नव्हती, पण बघितलं. मग ती फाटकाला हात लावून उभी राहिली, आणि लिंडनने हॉर्न वाजवला नाही की हाक मारली नाही. गाडी नुसती गुरगुरत थांबून राहिली.

शेवटी ती परत आली. सगळं होतं तसं सोडून आली. सीटवर बसली, पट्टा लावला, मांडीवरचा सँडविचचा कागद गुळगुळीत केला, कडा दुमडल्या.

"गाडी बरी आहे तुझी," ती म्हणाली.

लिंडनने गियर टाकला.

"राहू दे, नेरिडा. आजच्यासाठी एक खोटं पुरे झालं."